मंडळाचं वार्तापत्र: आधी पानं, मग मजकूर

गावच्या विकास मंडळाचं वार्तापत्र काढायचं ठरलं की पहिल्यांदा लेख गोळा करू नका. ए-थ्री आकाराचा एक कोरा कागद मधोमध दुमडा. ए-फोरची चार पानं झाली, हाच तुमचा अंक. वाढवायचीच तर आठ किंवा बारा करा, कारण मधोमध पिन मारलेल्या अंकाला पानं चारच्या पटीतच लागतात.

आता पेन्सिलीने चौकोन आखा. पहिल्या पानावर एकच बातमी आणि एकच मोठा फोटो. पाखाडी, म्हणजे गावातली दगडी पायवाट, दुरुस्त झाली असेल, तर उद्घाटनाच्या रांगेपेक्षा पाखाडीवरून चालणाऱ्या आजीचा फोटो घ्या. शेवटच्या पानावर जमाखर्च, पूर्ण. मुंबईतला चाकरमानी वर्गणी पाठवतो, हिशेब बघणं त्याचा हक्कच आहे.

तारीख मात्र उलटी मोजा. कोकणात सगळी घरं उघडी असतात ती गणपतीत आणि शिमग्यात. चतुर्थीच्या आठ दिवस आधी अंक हातात हवा असेल, तर मजकूर आषाढातच मागा. पावसात वीज आणि नेटवर्क दोन्ही जातात, त्यासाठी हाताशी आठवडा ठेवाच.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर ते दाबले जाऊन छपाईत धुरकट दिसतात. १० सेंटिमीटर रुंद फोटोला सुमारे १२०० पिक्सेल हवेत. अक्षर १२ पॉइंटच्या खाली नेऊ नका. जागा कमी पडली तर अध्यक्षांचं मनोगत कापा, अक्षर नको.