थिऑलॉजीला चाललायत? आधी मार्कचा सातवा अध्याय पूर्ण वाचा

मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून जी पोरंपोरी थिऑलॉजीला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशास्त्र शिकायला, जायलेत त्यांच्यासाठी लिहितोय. ग्रीक-हिब्रूची भीती सगळेच घालतात, पण ती पाठांतराने जाते, त्याचं लई टेन्शन घेऊ नका. खरं डोकं दुखतं ते एकाच प्रश्नानं. देवाची आज्ञा कुठली आणि माणसांनी लावलेली रीत कुठली? हा प्रश्न पहिल्या वर्षापासून मागं लागतो, आणि गावाकडं परत आल्यावर तर मंडळीतला प्रत्येक म्हातारा तोच विचारतो, फक्त वेगळ्या शब्दांत.

आपण काय करतो, बायबलातल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय उघडतो. शिष्य हात न धुता जेवले म्हणून परूशी (नियम काटेकोर पाळणारे यहुदी) नाक मुरडतात, येशू त्यांना यशया संदेष्ट्याचं वचन ऐकवतो की हे लोक माणसांचे नियम देवाचे म्हणून शिकवतात, हे संडे स्कूलपासून पाठ आहे. त्यावरून आपण सोपा हिशोब काढतो की देवाचं ते ठेवायचं, माणसांचं ते मोडायचं. मग वहीत उभी रेघ मारून दोन रकाने पाडायचे (मी पण पाडले होते, सगळेच पाडतात). दहा आज्ञा इकडं, आणि डोक्यावर पदर, चपला बाहेर, सतरंजीवर बाया एका बाजूला बाप्ये एका बाजूला, लग्नात हळद नको, कमिटीची वर्गणी, हे सगळं तिकडं. आणि गंमत बघा, जे आपल्याला पहिल्यापासून नको असतं तेच बरोब्बर तिकडच्या रकान्यात जाऊन बसतं!

ह्या सापळ्याबद्दल जरा जास्तच बोलणार आहे, कंटाळू नका. नऊ ते तेरा वचनं वाचा. तिथं येशू उदाहरण देतो ते कुर्बानचं. म्हणजे माझा पैसा देवाला वाहिलाय असं म्हणायचं आणि म्हाताऱ्या आईबापाला द्यायचं टाळायचं. आता सांगा, कुर्बान कुठल्या रकान्यात टाकाल? नवस बोलला तर फेडावा हे तर गणना ३० मध्येच आहे, चक्क मोशेच्या नियमशास्त्रात. म्हणजे तुमच्या वहीत ते देवाच्या बाजूला गेलं असतं! येशूनं पकडलेला नियम दिसायला सगळ्यात भक्तिमान होता आणि त्याच्याआडून पाचवी आज्ञा, आईबापाचा मान राख ही, मोडली जात होती. नियम कुणी केला एवढंच बघून भागत नाही, त्याच्या आडोशाला काय चाललंय ते बघावं लागतं.

आमच्या ओळखीत एकानं कन्व्हेन्शनच्या मंडपाला मोठी रक्कम दिली, स्टेजवरून नाव पुकारलं, टाळ्या झाल्या. घरी त्याच्या मायचा मोतीबिंदू पिकलेला, भाकरी टाकायच्या आधी तव्याची कड बोटानं चाचपून बघायची बिचारी, आणि ऑपरेशन "पुढच्या वर्षी बघू". हेच कुर्बान.

दुसरा विषय रविवारचा. बीडकडच्या मंडळ्यांत दिवाळी झाली की अर्ध्या घरांना कुलूप, माणसं कोयता घेऊन टोळीबरोबर साखर कारखान्यावर ऊसतोडीला गेलेली. मुकादमाची उचल घेतलेली असते, रविवारी काम बंद ठेवलं तर खाडा पडतो. आणि इकडं एखादा नवा पास्टर पुलपिटवरून सांगतो की तुम्ही शब्बाथ, म्हणजे देवानं सांगितलेला विसाव्याचा दिवस, मोडताय. अहो, चौथ्या आज्ञेतला शब्बाथ सातव्या दिवसाचा, म्हणजे शनिवारचा. आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, मंडळी जमायची हे प्रेषितांची कृत्ये २० मध्ये आहे, पण रविवारी कामं बंद हा सरकारी हुकूम काढला कॉन्स्टंटाइन बादशहानं, सन ३२१ मध्ये. आणि त्या हुकुमातच शेतकऱ्यांना सूट होती, की पेरणीची वेळ हातची जाऊ नये! म्हणजे रोमच्या बादशहाला शेतीचं कळत होतं आणि आपल्या पास्टरला ऊसतोड कळंना. पण म्हणून रविवार उडवून लावू नका हां. टोळीतली माणसं रात्री कोपीवर (उसाच्या पाचटाच्या झोपडीवर) जमून चार गाणी म्हणतात, तिथं जाऊन बसा, तुमच्या निम्म्या असाइनमेंटांपेक्षा जास्त शिकाल.

पौल ह्यात सगळ्यात प्रामाणिक. १ करिंथ ७ मध्ये दहाव्या वचनात म्हणतो ही आज्ञा प्रभूची आहे, आणि बाराव्यात लगेच म्हणतो हे प्रभू नाही, मी सांगतोय. एवढा मोठा प्रेषित असून आपलं म्हणणं आपल्या नावावर ठेवतो. त्यामुळं जो मेंटॉर गादीच्या खोळीपासून तुमच्या लग्नापर्यंत सगळं "मला आत्म्यानं सांगितलं" म्हणतो त्याच्यापासून लांब राहा, कितीही गर्दी जमवत असो. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या रिटायर गुरुजींकडं बसा, जे "मला वाटतं" असं म्हणतात.

आणि सीनियरच्या नोट्स. घ्या, पण त्यातलं "ल्यूथरनं मानवी नियम नाकारले" हे एका ओळीचं उत्तर लिहू नका, मार्क जातात. ल्यूथर म्हणजे सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक, १५२१ ला वर्म्सच्या सभेत तो शास्त्रावर अडून राहिला हे खरं. पण १५३० च्या ऑग्सबर्गच्या कबुलीजबाबात त्याच्याच लोकांनी लिहिलं की चर्चमध्ये सुव्यवस्थेसाठी नियम असू द्यात, फक्त ते पाळल्यानं तारण मिळतं असं लोकांच्या गळ्यात बांधू नका. पदर, चपला, सतरंजी ह्या सगळ्याला हाच निकष लावून बघा, बरंच सुटतं.

आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाई. १८८३ ला इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला आणि तिथल्या सिस्टरांनाच ठणकावलं की भटजींच्या जोखडातून आत्ता कुठं सुटलेय, आता दुसरं जोखड घेणार नाही. हे वाचून पोरं खूश होतात आणि कमिटीशी भांडायला निघतात. पण त्याच बाईनं पुढं केडगावला बसून मूळ भाषांवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. तेवढे कष्ट करा, मग भांडा.

घाबरू नका पण. मोठमोठ्या मंडळ्यांनाही हे एका दिवसात सुटलं नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली तेव्हा सहा चर्च एकत्र आली, त्यात लेकराला बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणीच द्यावा म्हणणारे पण होते. दोन्ही रीती ठेवल्या. तुमच्या गावात दोन्हीकडची माणसं एकाच बाकावर बसलेली दिसतील.

पेपरात प्रेषितांची कृत्ये ५:२९ (माणसांपेक्षा देवाचं ऐका) आणि रोमकरांस १३ (अधिकाऱ्यांच्या अधीन राहा) हे दोन्ही मांडा, एकच मांडलं की परीक्षक दुसरं विचारतोच. आणि गावाकडं पहिल्याच सुट्टीत पदरावर प्रवचन करू नका, आधी आजीला विचारा ती कशासाठी घेते. आमच्या आजीनं सांगितलं, "चर्चात पंखा नव्हता, माशा बसायच्या."