अ‍ॅसिड रेनच्या डेटावर प्रोजेक्ट घेताय? मग हे वाचून घ्या

चेंबूरला वाढलेय, माहुलच्या रिफायनऱ्या आमच्या गच्चीवरून दिसतात, त्यामुळे एमएस्सीला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली तेव्हा हवा सोडून दुसरं काही डोक्यात आलंच नाही. अ‍ॅसिड रेन, म्हणजे हवेतल्या प्रदूषणामुळे आम्लयुक्त होणारा पाऊस, त्याला कारण ठरणाऱ्या वायूंचा ब्रिटनचा डेटा घेतला कारण तिथे १९९० पासून सेक्टरवाइज आकडे मिळतात, वीज, वाहतूक, शेती, कारखाने असे वेगवेगळे.

पहिल्याच आठवड्यात चुकले. आम्ल तयार करणारे वायू तीन, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड, अमोनिया, तिघांचे टन सरळ एकात एक मिळवले. तसं चालत नाही, कारण ३२ ग्रॅम सल्फर डायऑक्साइडमुळे जेवढं आम्ल तयार होतं तेवढ्याला नायट्रोजन डायऑक्साइड ४६ ग्रॅम लागतो आणि अमोनिया फक्त १७ ग्रॅम. म्हणून नायट्रोजन ऑक्साइडला साधारण ०.७ ने आणि अमोनियाला १.८८ ने गुणायचं, मग बेरीज. अमोनिया तर अल्कली, तो कशाला मोजायचा असं वाटेल, पण जमिनीत पडला की जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि माती आंबट होते.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. शेतीचा वाटा दर वर्षी चढताना दिसला आणि मी लिहून टाकलं "शेतीचं प्रदूषण वाढलं". मॅडमनी लाल पेनने वाक्यच खोडलं, म्हणाल्या, "अगं, टक्के नको बघूस, टन बघ." बघितलं तर शेतीचे टन वाढलेच नव्हते, उलट थोडे कमी झालेले! वीजकेंद्रं कोळशावरून गॅसवर गेली, उरलेल्यांच्या धुराड्यांना सल्फर धुणारी यंत्रं बसली, शेवटचं कोळशाचं केंद्र तर सप्टेंबर २०२४ मध्ये बंद झालं, गाड्यांना धुरातले घातक वायू कमी करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले, म्हणजे बाकीचे धडाधड खाली आले आणि शेण-युरियाचा अमोनिया जवळजवळ होता तिथेच राहिला. त्यामुळे टक्क्यांचा आणि टनांचा, दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी काढाच.

जहाजांचंही बघा, १ जानेवारी २०२० पासून इंधनातल्या सल्फरची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ वर आली.

आणि हाच ग्राफ मुंबईला लावू नका प्लीज. आपल्याकडे एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ (गाड्यांच्या धुराचे कडक नियम) आलं, डिझेलमधलं सल्फर ५० पीपीएमवरून (दहा लाखांत ५० भाग) १० वर आलं, पण वीज अजून बरीचशी कोळशाचीच. शिवाय आपल्या धुळीत कॅल्शियम भरपूर, ते आम्ल मारून टाकतं, त्यामुळे गच्चीवर बाटलीत पाऊस धरून पीएच ६ च्या वर आला, म्हणजे पाऊस फारसा आम्लयुक्त नाही, म्हणून हवा स्वच्छ असं लिहू नका, सल्फर डायऑक्साइडपासून पाण्यात तयार होणारं सल्फेटही मोजून घ्या.