ज्येष्ठांना मोथ्याला नेताना : एका दिवसाच्या सहलीची तयारी

अमरावती जिल्ह्यातील चांदूर बाजार, अंजनगाव, दर्यापूर या सपाट मुलखातील कित्येक म्हाताऱ्या माणसांनी उत्तरेला दिसणारा सातपुड्याचा निळा पट्टा आयुष्यभर शेतातून पाहिलेला असतो, पण घाट चढून वर जाण्याचा योग त्यांना फारसा आलेला नसतो. त्यांना एक दिवस चिखलदऱ्याच्या पठारावर, त्यातही मोथ्यासारख्या रस्त्यालगतच्या गवळ्यांच्या गावी नेऊन आणणे अवघड नाही. मात्र ही माणसे स्वतःहून काही मागत नाहीत, हे आयोजकाने आधी मनावर घ्यावे. लघवीला थांबा म्हणावे लागू नये म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाहीत, गुडघा दुखत असला तरी ‘चाललं बापा’ म्हणून पुढे होतात आणि चक्कर आली तरी सांगायला संकोचतात. त्यामुळे या तयारीतील बहुतेक बाबी त्यांनी मागण्याआधीच आपण विचारून ठेवायच्या आहेत.

तारीख ठरवताना हवामानाइतकाच शेतीच्या कामाचा विचार करावा. पावसाळ्यात पठार सुंदर दिसते, पण तेव्हा घाटात धुके दाटते, पायवाटा निसरड्या होतात आणि सुट्टीच्या दिवशी वाहनांची रांग लागते, म्हणून ज्येष्ठांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. नेमका तोच काळ कापूस वेचणीचा असतो आणि घरातील धडधाकट माणसे वावरात गेली की लहान लेकरे, गुरे आणि घर सांभाळण्याचे काम म्हाताऱ्यांवरच येते. तेव्हा आजी-आजोबांना विचारण्याआधी सूनबाईंना विचारावे, वेचणीचा फेरा कधी संपतो ते पाहावे आणि गावाच्या बाजाराचा दिवस सोडून आठवड्याच्या मधला वार धरावा, म्हणजे वर गर्दीही लागत नाही. घरचे लेकरू त्या दिवशी कोणाकडे राहील याची सोय झाल्याशिवाय अनेक आज्या येणार नाहीत, आणि ती सोय लावणे हेही आयोजकाचेच काम समजावे.

सहलीच्या दहा-पंधरा दिवस आधी दोघा-तिघांनी वर जाऊन प्रत्यक्ष पाहणी करावी आणि काठी घेऊन चालणाऱ्या एखाद्या ज्येष्ठाला सोबत न्यावे, कारण तरुण माणसाच्या पायाला जी पायरी जाणवतही नाही तिथे त्यांचा पाय अडतो. गाडी थांबण्याच्या जागेपासून बसण्याच्या जागेपर्यंत किती मिनिटे लागतात, वाटेत सावली आणि टेकायला कट्टा आहे का, उंबरा किती उंच आहे, हे सारे वहीत लिहून आणावे. चाकाची खुर्ची न्यायची असेल तर ती साधारण ६५ सेंटिमीटर रुंद असते आणि दारातून सहज जाण्यासाठी सुमारे ८० सेंटिमीटर मोकळी जागा लागते, म्हणून मोजपट्टी खिशात असू द्यावी. मुरमाच्या वाटेवर पुढची लहान चाके रुततात. अशा ठिकाणी खुर्ची वळवून मागची मोठी चाके पुढे करून ओढत नेणे सुरक्षित असते.

शौचालयाची पाहणी मात्र वरवरची करून चालणार नाही. ग्रामपंचायतीशी किंवा शाळेच्या मुख्याध्यापकांशी आधी बोलून कोणते शौचालय वापरता येईल, त्यात पाणी आणि उजेड आहे का, आतून कडी लागते का आणि गरज पडल्यास ती बाहेरून उघडता येते का, हे पाहावे. बहुतेक ठिकाणी भारतीय बैठकीचे भांडे असते आणि गुडघे गेलेल्या माणसाला तिथे बसणे जमले तरी उठणे जमत नाही. घडीची कमोड खुर्ची सोबत न्यावी, ती त्या खोलीत मावते का ते पाहणीच्या दिवशीच ठेवून पाहावे आणि दोन बादल्या, मग, साबण व जुने टॉवेल त्याच पिशवीत ठेवावेत. ही सोय आहे, असे सर्वांना निघण्याआधीच मोकळेपणाने सांगावे, म्हणजे माणसे निर्धास्तपणे पाणी पितात. माझ्या मते सहल नीट होणार की नाही हे याच एका बाबीवर सर्वाधिक अवलंबून असते.

वाहनाचा निर्णय माणसांच्या संख्येवरून घ्यावा. महामंडळाच्या एसटीने ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वर्षांपर्यंतच्यांना अर्धे तिकीट आहे आणि महिलांना मार्च २०२३ पासून वयाची अट न ठेवता अर्धे तिकीट आहे. वयाच्या सवलतीसाठी आधार कार्डासारखे ओळखपत्र जवळ लागते. चालतीफिरती आठ-दहा मंडळी असतील तर एसटी चांगली. माणसे जास्त असतील किंवा कोणी काठी, वॉकर घेऊन येणार असेल तर सतरा आसनी टेम्पो ट्रॅव्हलर ठरवावी, कारण ती कुठेही थांबवता येते. तिची पहिली पायरी उंच असते आणि नऊवारी लुगडे किंवा धोतर सावरत तिथे पाय टाकणे धोक्याचे ठरते, म्हणून एक मजबूत, न घसरणारा पाट सोबत घ्यावा आणि चढता-उतरताना एकाने वर व एकाने खाली उभे राहावे. चालकाला घाटाची सवय आहे ना, हे भाड्याच्या आधी विचारावे.

परतवाड्याहून चिखलदऱ्यापर्यंत साधारण तीस किलोमीटर अंतर आहे आणि मोथा त्याच्या थोडे अलीकडे, धामणगाव गढीकडून वर जाणाऱ्या रस्त्यावर लागते. पठाराची उंची सुमारे १,१०० मीटर आहे. एवढ्या उंचीवर हवा विरळ झाल्याचा त्रास सहसा होत नाही, त्यामुळे ‘वर श्वास लागतो’ ही भीती घालवावी, परंतु ज्यांना आधीपासून दमा किंवा हृदयविकार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच यावे. त्रास होतो तो वळणांचा. ज्यांना गाडी लागते त्यांना पुढच्या आसनावर बसवावे, निघताना पोट अगदी रिकामे किंवा तुडुंब भरलेले नसावे आणि ओकारीची गोळी कोणी कोणाला आपल्या मनाने देऊ नये, कारण अशा काही गोळ्यांनी वृद्धांना गुंगी येते, तोल जातो आणि प्रोस्टेट वाढलेल्या पुरुषांची लघवी अडू शकते. कानाला दडे बसले तर आवंढा गिळावा किंवा खडीसाखर चघळावी.

औषधांसाठी प्रत्येकाच्या नावाची एक चिठ्ठी करावी. तिच्यावर आजार, चालू गोळ्या व त्यांच्या वेळा, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते आणि घरच्या माणसाचा फोन क्रमांक लिहावा. एक प्रत त्यांच्या खिशात आणि एक आयोजकाच्या वहीत ठेवावी. दिवसभराच्या गोळ्यांखेरीज रात्रीचीही मात्रा सोबत घ्यावी, कारण परतायला उशीर होऊ शकतो. प्रवास आहे म्हणून लघवीची गोळी परस्पर चुकवण्याचा मोह अनेकांना होतो. वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे. इन्सुलिन बंद गाडीत उन्हात ठेवू नये आणि थेट बर्फावरही ठेवू नये, ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवावे. मधुमेही माणसाला अचानक घाम फुटला, हात थरथरले किंवा बोलणे असंबद्ध झाले तर साखर उतरली असे समजून, तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे आणि सावरल्यावर काही खायला द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये. चिखलदऱ्याला ग्रामीण रुग्णालय आणि अचलपूरला उपजिल्हा रुग्णालय आहे; तातडीची रुग्णवाहिका १०८ वर मिळते, पण मेळघाटात फोनला सगळीकडे रेंज नसते, म्हणून कोठे रेंज येते ते पाहणीच्या दिवशीच हेरून ठेवावे.

वर खालच्यापेक्षा साधारण पाच अंश थंडी अधिक असते. कानटोपी, शाल, पायमोजे, टाचेला पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, काठीच्या टोकाला न झिजलेले रबर, चष्मा, श्रवणयंत्राचे जादा सेल, कवळीची डबी, एवढे प्रत्येकाने आणावे. सोन्याचे दागिने घरी ठेवावेत. उग्र अत्तर लावू नये, कारण कड्यांकपारींत मधमाश्यांची मोहोळे असू शकतात, आणि खाण्याच्या पिशव्या उघड्यावर ठेवू नयेत, माकडे हिसकावतात.

जेवण गावातील महिला बचत गटाकडे किंवा एखाद्या घरी आधी दर ठरवून सांगावे. ज्वारीची भाकर, वांग्याचे भरीत, वरण-भात, कढी एवढे पुरे. तिखट वेगळे ठेवावे, दात नसलेल्यांसाठी भात मऊ करायला सांगावा आणि मीठ बेताचे असावे. मोथ्याचा खवा आणि रबडी प्रसिद्ध आहे, ती मधुमेही मंडळींनाही खावीशी वाटणारच. त्यांना चारचौघांत टोकू नये, वाटीच लहान ठेवावी. पिण्याचे पाणी खालून भरून न्यावे आणि दर तासाने भांडे हातात द्यावे.

वर गेल्यावर काय पाहायचे, याची यादी लांबवू नये. गाविलगड किल्ल्याची चढउतार आणि देवी पॉइंटच्या पायऱ्या यांचा आग्रह टाळून गाडीजवळूनच दरी दिसेल असे एखादे ठिकाण पाहावे आणि उरलेला वेळ गावातच बसावे. मोथ्यातील गवळी म्हाताऱ्यांशी आधी बोलून ठेवले तर गुरे, चारा, दुधाचा भाव, पूर्वीचे दुष्काळ यांवर दोन्हीकडची माणसे रंगून बोलतात. त्यासाठी भाषणे, सत्कार, हारतुरे यांतले काहीही लागत नाही. लागतात त्या हात टेकता येतील अशा खुर्च्या, कारण सतरंजीवर बसलेल्या निम्म्या माणसांना उठवावे लागते. कोणाच्या घरात डोकावताना किंवा फोटो काढताना परवानगी घ्यावी, गवळी आणि कोरकू आदिवासी घरांतही. जेवणानंतर तासभर पडायला तीन-चार बाजा सावलीत टाकून ठेवाव्यात.

दर चार ज्येष्ठांमागे एक मदतनीस असावा आणि त्यांत बायका अवश्य असाव्यात, कारण कित्येक आज्या आपली अडचण पुरुषाला सांगणार नाहीत. सकाळी सातला निघावे, परतवाड्याला थांबून शौचालय व चहा उरकावा, दहा-साडेदहापर्यंत पोहोचावे. डिसेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेतीनला गाडी निघालीच पाहिजे. प्रत्येक थांब्यावर डोकी मोजावीत आणि नावे वाचावीत. गावी परतल्यावर सर्वांना बसस्टँडवर उतरवून मोकळे होऊ नये. ज्याला त्याला अंगणापर्यंत पोहोचवावे, आजोबा काय जेवले, कोणती गोळी घेतली आणि कोणती राहिली ते घरच्यांच्या कानावर घालावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघर जाऊन कोणाचे पाय सुजले का, कोणाला खोकला लागला का, याची विचारपूस करावी.