मतं मिळाली, डेलिगेट गेले: हिलरी क्लिंटन यांच्या २००८ च्या प्रायमरीतल्या या चुका टाळा

जानेवारी २००८ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी हिलरी क्लिंटन यांनाच मिळणार, असं बहुतेक जण धरून चालले होते. नाव घराघरात माहीत होतं. २००७ या एका वर्षात १० कोटी डॉलरहून जास्त निधी जमला होता आणि पक्षातले बडे नेते पाठीशी होते. जूनमध्ये त्यांना माघार घ्यावी लागली. त्यांना आणि प्रतिस्पर्धी बराक ओबामा यांना देशभरात साधारण पावणेदोन-पावणेदोन कोटी मतं पडली, पण निवडून आलेल्या डेलिगेटांमध्ये ओबामा सव्वाशेच्या आसपास पुढे राहिले. ही आघाडी कुठून आली, हे आकड्यांतून स्वच्छ दिसतं. पक्षांतर्गत निवडणूक लढवणाऱ्या किंवा लढवून देणाऱ्या प्रत्येकाने ते नीट बघायला हवं.

आपल्याकडे तिकीट वरून ठरतं, त्यामुळे प्रायमरी फारशी ओळखीची नाही. २०१४ मध्ये काँग्रेसने वर्धा, लातूर अशा मोजक्या मतदारसंघांत तिचा प्रयोग केला होता, तो तिथेच थांबला. अमेरिकेत बहुतेक राज्यांत पक्षाचे मतदार थेट मत देतात आणि त्या मतांनुसार उमेदवाराला पक्षाच्या अधिवेशनात जाणारे डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी मिळतात. उमेदवारी ठरते ती डेलिगेटांच्या बहुमतावर. एकूण मतं कोणाला जास्त पडली, याला नियमांत जागाच नाही.

राज्य जिंकण्याचा हिशोब

पहिली आणि सगळ्यात महागात पडलेली चूक हीच. क्लिंटन यांचा सगळा आराखडा मोठ्या राज्यांवर उभा होता. ५ फेब्रुवारीच्या ‘सुपर ट्यूजडे’ला २२ राज्यांत एकाच दिवशी मतदान होतं. त्या रात्री कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स जिंकली की लढत संपली, असं गृहीत धरलं होतं. ही राज्यं त्यांनी जिंकलीसुद्धा. त्या दिवशीच्या डेलिगेटांची बेरीज मात्र ओबामा ८४७, क्लिंटन ८३४ अशी झाली.

डेमोक्रॅटिक पक्षात ‘जिंकला त्याला सगळं’ हा नियम नाही. १५ टक्के किंवा त्याहून जास्त मतं मिळालेल्या प्रत्येकाला प्रमाणात वाटा मिळतो आणि बहुतेक डेलिगेट राज्यभराच्या मतांवर नव्हे, तर एकेका जिल्ह्याच्या, म्हणजे राज्यातल्या एकेका मतदारसंघाच्या, मतांवर वाटले जातात. खरी मेख जिल्ह्याच्या आकड्यात आहे. दोघांतच लढत असेल तर गणित असं चालतं:

३ डेलिगेटांचा जिल्हा: ५० टक्क्यांच्या वर एक मत गेलं की २–१.
४ डेलिगेटांचा जिल्हा: ३–१ साठी ६२.५ टक्क्यांच्या वर जावं लागतं. तोवर २–२.
५ चा जिल्हा: निम्म्याच्या वर ३–२, पण ४–१ साठी ७० टक्के ओलांडायला हवेत.
६ चा जिल्हा: ४–२ साठी ५८.३ टक्क्यांच्या वर.

म्हणजे ४ डेलिगेटांच्या जिल्ह्यात ५१ टक्के मिळवा की ६२ टक्के, हाती दोनच येतात. तिथे आणखी १० टक्के मतं आणायला जाहिरातींवर ओतलेला पैसा बुडीत खात्यात जातो. तोच पैसा ४९ टक्क्यांवर अडकलेल्या ३ किंवा ५ च्या जिल्ह्यात लावला तर एक डेलिगेट प्रतिस्पर्ध्याकडून आपल्याकडे येतो, फरक दोनने बदलतो. नेवाडात नेमकं हेच झालं. क्लिंटन यांनी राज्य जिंकलं, पण उत्तरेकडच्या विषम संख्येच्या जिल्ह्यात ओबामा पुढे राहिले आणि राष्ट्रीय डेलिगेट त्यांना १३, क्लिंटन यांना १२ असे गेले.

यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण चुकवता येत नाही. प्रचार सुरू होण्याआधी सगळ्या जिल्ह्यांचा तक्ता करा. एका रकान्यात डेलिगेटांची संख्या, दुसऱ्यात आपला आजचा पाठिंबा, तिसऱ्यात वरचा सगळ्यात जवळचा उंबरठा आणि चौथ्यात खालचा. आपण ज्या उंबरठ्यापासून तीन-चार टक्क्यांवर आहोत, तिथेच माणसं आणि पैसा पाठवायचा. खालचा उंबरठा लोक विसरतात. ४ च्या जिल्ह्यात हरत असलात तरी ३७.५ टक्क्यांच्या वर टिकलात तर २–२ सुटतं. ओबामांकडे या कामासाठी जेफ्री बर्मन हा डेलिगेटांच्या नियमांत मुरलेला माणूस पहिल्यापासून होता. आयोवा या पहिल्या राज्यातल्या लढतीच्या आधीच पुढच्या राज्यांचे असे हिशोब त्यांच्याकडे तयार होते.

कॉकस सोडून देणं

काही राज्यांत मतपेटीऐवजी कॉकस होतं. लोक संध्याकाळी शाळेत किंवा सभागृहात जमतात, उघडपणे गट करून उभे राहतात, मोजणी होते. तास-दोन तास जातात आणि साधारणपणे टपाली मताची सोय नसते. रात्रपाळीच्या नर्सला, घरी म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बाईला तिथे पोहोचणं अवघड, आणि नेमका हाच क्लिंटन यांचा मतदार होता. ही तक्रार रास्तच आहे. कॉकसची पद्धत कष्टकरी माणसाला बाहेर ठेवते. पण नियम सगळ्यांना वर्षभर आधी माहीत होते. पद्धत अन्यायाची वाटली म्हणून तिथली लढाईच अर्धवट लढली, आणि तिथेच निवडणूक गेली.

५ फेब्रुवारीच्याच दोन निकालांची तुलना करा. न्यू जर्सीत १० लाखांहून जास्त मतदान झालं. क्लिंटन सुमारे १० टक्क्यांनी जिंकल्या, डेलिगेट ५९–४८, म्हणजे ११ ची आघाडी. आयडाहोच्या कॉकसला जेमतेम २१ हजार लोक आले. ओबामांना जवळपास ८० टक्के मिळाले, डेलिगेट १५–३, म्हणजे १२ ची आघाडी. न्यू जर्सीच्या टीव्हीवरची जाहिरात कुठे आणि आयडाहोत चार कार्यालयं उघडून पोरं बसवण्याचा खर्च कुठे! कॅन्ससमध्ये २३–९, मिनेसोटात ४८–२४, वॉशिंग्टन राज्यात ५२–२६. आयडाहो धरून या चार कॉकस राज्यांतच ओबामांची आघाडी ७६ होते. क्लिंटन यांना अख्ख्या कॅलिफोर्नियाने दिलेली आघाडी ३८ होती.

‘त्या राज्यांत ओबामाच लोकप्रिय होते, आम्ही काय करणार’ हे उत्तर पुरतं खरं नाही. वॉशिंग्टनने कॉकसनंतर दहा दिवसांनी एक बंधनकारक नसलेली प्रायमरीही घेतली. कॉकसमध्ये ओबामांना ६८ टक्के होते, प्रायमरीत ५१. नेब्रास्कातही कॉकसमध्ये ते मोठ्या फरकाने जिंकले होते. मे महिन्यातल्या बंधनकारक नसलेल्या प्रायमरीत तिथली लढत तीनेक टक्क्यांवर आली. मतदार तेच होते. मधला फरक संघटनेचा.

कॉकस लढवायचं तर किमान सहा महिने आधी प्रत्येक केंद्रावर एक जबाबदार माणूस नेमावा लागतो. त्याच्याकडे नावनिशी यादी हवी: कोण नक्की येणार, कोणाला गाडी लागेल, कोणाच्या मुलांना सांभाळायला माणूस लागेल. २००८ मध्ये आयोवासारख्या ठिकाणी बहुतेक केंद्रांवर १५ टक्क्यांखाली राहिलेल्या गटाला फुटून दुसरीकडे जाता येत होतं. त्या गटाशी त्याच खोलीत बोलणारा माणूस आपला हवा, आणि तो शेजारचा हवा, राजधानीतून आलेला नको. ३ जानेवारीला आयोवात सुमारे २ लाख ३९ हजार लोक आले, २००४ च्या जवळजवळ दुप्पट. त्यातले निम्म्याहून जास्त पहिल्यांदाच कॉकसला आलेले होते. जुन्या यादीवर विसंबून केलेला अंदाज तिथे कोसळला: ओबामा ३७.६ टक्के, तिसरे उमेदवार जॉन एडवर्ड्स २९.७, क्लिंटन २९.५.

६ फेब्रुवारीची सकाळ

सुपर ट्यूजडेला विजय गृहीत धरल्यामुळे त्यानंतरच्या राज्यांसाठी ना माणसं होती, ना पैसा. त्या दिवसानंतर फेब्रुवारीत ओबामांनी लागोपाठ ११ लढती जिंकल्या. लुइझियाना, मेन, व्हर्जिनिया, मेरिलँड, विस्कॉन्सिन, हवाई अशी रांगच लागली.

पैशाची अडचण नुसत्या उधळपट्टीची नव्हती, ती रचनेतच होती. त्या वर्षी एका व्यक्तीला एका उमेदवाराला प्रायमरीसाठी २,३०० डॉलर आणि मुख्य निवडणुकीसाठी वेगळे २,३०० डॉलर देता येत होते. क्लिंटन यांनी मोठ्या देणगीदारांकडून दोन्ही रकमा एकदमच घेतल्या. खात्यातला आकडा डोळ्यांत भरणारा दिसला, पण त्यातला मुख्य निवडणुकीचा भाग प्रायमरीत वापरता येत नव्हता, आणि मर्यादा गाठलेल्या माणसाकडे पुन्हा हात पसरता येत नव्हता. ओबामांचे २५-५० डॉलर देणारे लोक दर महिन्याला पुन्हा देऊ शकत होते. जानेवारीत ओबामांनी ३ कोटी २० लाख डॉलरहून जास्त जमवले. त्याच महिन्यात क्लिंटन यांना स्वतःच्या खिशातून ५० लाख डॉलर मोहिमेला उसने द्यावे लागले. निधीचा अहवाल वाचताना एकूण बेरीज बाजूला ठेवा. आज खर्च करता येईल असा पैसा किती आणि पुन्हा देऊ शकतील असे देणगीदार किती, हे दोनच आकडे विचारा.

टेक्सासचं कोडं

४ मार्चला क्लिंटन ओहायो, ऱ्होड आयलंड आणि टेक्सासची प्रायमरी जिंकल्या. मथळे उत्तम आले. ओबामांनी जिंकलेलं व्हरमाँट धरून चारही राज्यांचे डेलिगेट मोजले तर त्या दिवशीची निव्वळ कमाई अवघी ४ होती.

टेक्सासने १९३ डेलिगेट दोन भागांत वाटले: १२६ दिवसाच्या प्रायमरीतून, ६७ त्याच संध्याकाळी सुरू होणाऱ्या कॉकसमधून. प्रायमरीचे डेलिगेट राज्य सिनेटच्या जिल्ह्यांना आधीच्या दोन निवडणुकांतल्या डेमोक्रॅटिक मतांनुसार दिलेले होते. त्यामुळे ऑस्टिनच्या जिल्ह्याला ८ आणि दक्षिण सीमेवरच्या, क्लिंटन यांना भरभरून मतं देणाऱ्या लॅटिनो जिल्ह्यांना तीन-चारच. प्रायमरी त्या ६५–६१ ने जिंकल्या, कॉकस २९–३८ ने हरल्या. एकूण ९४–९९. ‘जिंकलेलं’ राज्य पाचने गेलं. असे दुहेरी नियम असतील तर सकाळी मत देऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला त्याच जागी चिठ्ठी द्यावी लागते: संध्याकाळी सव्वासातला पुन्हा इथेच या.

फ्लोरिडा आणि मिशिगनचं प्रकरण थोडक्यात. दोन्ही राज्यांनी ठरलेल्या तारखेआधी मतदान घेतलं म्हणून पक्षाने २००७ मध्येच त्यांचे डेलिगेट रद्द केले. क्लिंटन यांचे सल्लागार हॅरल्ड इक्स पक्षाच्या नियम समितीवर होते आणि त्यांनी त्या शिक्षेच्या बाजूने मत दिलं होतं. पुढे डेलिगेट कमी पडले तेव्हा तीच राज्यं मोजा म्हणून त्यांनाच भांडावं लागलं. ३१ मे रोजी समितीने या राज्यांच्या प्रत्येक डेलिगेटाचं अर्धं मत मान्य केलं. तेवढ्याने काही बदललं नाही. नियम ठरत असताना आपला माणूस समितीत असेल तर हात वर करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: आपण मागे पडलो तर हा नियम आपल्याला चालेल का?

क्लिंटन यांचा ‘अनुभव’ की ओबामांचा ‘बदल’, या मुद्द्यावर बरंच लिहिलं गेलं आहे. इराक युद्धाच्या बाजूने २००२ मध्ये दिलेलं मत क्लिंटन यांना बोचलं, हेही खरं. त्यात मोहिमेचे मुख्य रणनीतीकार मार्क पेन हेच जनमत चाचण्याही घेत होते. स्वतः ठरवलेला संदेश चालतो की नाही, हे तपासणारा माणूसही तोच. ही दोन कामं एकाच्या हाती कधीही देऊ नयेत.

पुढच्या वेळी, २०१६ च्या मोहिमेसाठी, क्लिंटन यांनी डेलिगेटांचा हिशोब पाहायला जेफ्री बर्मन यांनाच आपल्याकडे घेतलं. वॉशिंग्टनचं कॉकस त्या वर्षी त्यांचे प्रतिस्पर्धी बर्नी सँडर्स यांनी ७३ टक्के मिळवून जिंकलं आणि बंधनकारक नसलेली प्रायमरी क्लिंटन यांनी. २०२० पासून त्या राज्याच्या डेमोक्रॅटिक पक्षाने डेलिगेट वाटायला कॉकस सोडून प्रायमरी धरली.