जाम किंगपिनवर घण घालण्याआधी: जुन्या गाडीचा पुढचा एक्सल खोलताना या चुका टाळा

गोठ्याला लागून असलेल्या टिनाच्या शेडमध्ये पंचवीस-तीस पावसाळे काढलेली मॉरिस एट बाहेर निघते आणि दुसऱ्याच सकाळी तिच्या किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनभोवती वळतं तिच्यावर, घण पडायला लागतो. काहून एवढी घाई? गाडी आता कुठं जाते पळून!

मुळात आपल्याकडच्या मिस्त्र्यांचा हात जीपवर बसलेला. फोर-व्हील जीपला वळणाच्या जागी वर-खाली बेअरिंग, त्यावर बोल्टांची टोपी आणि शिम (पातळ चकत्या). मॉरिस एट, ऑस्टिन सेव्हनसारख्या युद्धापूर्वीच्या इंग्रजी गाड्यांचा पुढचा एक्सल म्हणजे घडीव लोखंडाचा एकसंध बीम. बीमच्या टोकाला डोळा, त्यात किंगपिन घट्ट बसवून आडव्या कॉटरने (खिळीने) अडकवलेली. चाक ज्यावर बसतं त्या स्टब एक्सलचे दोन कान त्या पिनभोवती बुशांवर, म्हणजे कानात बसवलेल्या नळ्यांवर, फिरतात. त्यामुळे चाक मोकळं वळतंय म्हणून पिन सहज निघेल असं समजू नका. वळतं ते बुशमध्ये, गंज धरतो तो डोळ्यात.

सगळ्यात महागात पडणारी चूक कॉटरची. कॉटर निमुळता असतो आणि नट त्याच्या बारीक टोकाला असतो. ठोका तिथूनच द्यायचा, म्हणजे तो जाड बाजूने बाहेर पडतो. नट पूर्ण काढू नये. आट्यांच्या टोकाशी बरोबर येईल इतका सैल करून त्यावर पितळी सुंभा (ठोकायचा दांडा) ठेवावा, नाहीतर आटे फुलतात.

वर्धा जिल्ह्यातल्या एका गॅरेजात अशाच एका गाडीचा नट पिळताना आट्यांचा भाग तुटून नटासकट हातात आला. पोट्ट्यांना वाटलं, कॉटर निघाला. उरलेला तुकडा बीमच्या बरोबरीत, वर काळ्या मातीचा आणि जुन्या ग्रीसचा थर. दीड दिवस वरून पाच किलोचा घण चालला. पिनचं डोकं छत्रीसारखं फुललं आणि अर्थातच बुशमधून जाईना. मार स्टबच्या कानावर गेला. शेवटी कोणीतरी तारेच्या ब्रशने डोळा घासला, तेव्हा कॉटरचा चमकता गोल दिसला. त्यात मधोमध ४ मिमी, मग ६ मिमी भोक पाडलं, उरलेलं कवच सुंभ्याने पाडलं, पिनचं फुललेलं डोकं ग्राइंडरने उतरवलं आणि २० टनी प्रेसवर पिन तासाभरात बाहेर. पण तोवर स्टबच्या वरच्या कानाला तडा गेला होता. कारखान्यातून आलेला जुना स्टब आता मिळवायचा म्हणजे वर्षभर फोनाफोनी.

म्हणून आधी ब्रश, मग टॉर्च लावून पाहणं, आणि पिनच्या वर-खाली पत्र्याची गोल टिकली असेल तर तीही काढणं. खालची टिकली तशीच ठेवून वरून ठोकणारेही कमी नाहीत.

दुसरी चूक गॅसची. पिन निघत नाही म्हटलं की वेल्डिंगवाल्याला बोलावतात आणि तो डोळा लालभडक करून ठेवतो. बीम घडवताना त्याला उष्णतेनेच ताकद दिलेली असते. लाल केला की ती गेली, आणि हा भाग गाडीचं वजन आणि ब्रेकचा ओढा दोन्ही झेलतो. तापवायचा तो डोळा, पिन नव्हे. २० मिमीचं भोक २०० अंश तापलं तर जेमतेम ०.०५ मिमी मोठं होतं, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. डोळ्यावर एक जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. तिथे फिक्कट पिवळी झाक आली की ज्योत बाजूला. निळा रंग म्हणजे जास्त झालं. गरम असतानाच कडेला मेणबत्ती टेकवा. मेण वितळून फटीत ओढलं जातं. दोन-तीनदा तापवून थंड होऊ द्या, मग प्रेस किंवा ठोका. तापवण्याआधी ब्रेकची बॅकप्लेट, रबरी नळी आणि ग्रीसचे सील उतरवलेले हवेत.

तेल मुरवण्याबद्दल थोडं. अॅसिटोन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ तेल (एटीएफ) निम्मं-निम्मं चांगलं चालतं, पण ते एकमेकांत नीट मिसळत नाही, दर वेळी हलवून घ्यावं लागतं. मे महिन्यात ४५ अंशांत अॅसिटोन डोळ्यासमोर उडून जातं. संध्याकाळी ओतावं, चिंधी गुंडाळून वर पॉलिथिन बांधावं, असं तीन-चार रात्री. आणि हे ओतलेल्या जागी त्याच दिवशी गॅस लावू नका, भाऊ, भडका उडतो.

ठोकायचं तर एक्सल बाभळीच्या ओंडक्यावर पक्का टेकवून दोन किलोचा हातोडा आणि मोजके जोरदार ठोके. अर्ध्या किलोच्या हातोडीची टकटक फक्त डोकं फुलवते.

टाय रॉडचं (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या दांड्याचं) टोक नटावर ठोकून काढू नका. नट दोन आटे सैल ठेवून, ते टोक ज्या डोळ्यात बसलंय त्याच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दोन हातोड्या मारल्या की निमुळता खुंट टप्पदिशी सुटतो. टाय रॉडच्या एका टोकाला उलटे आटे असतात, हे विसरून लोक पाइप लावून पिळतात. इंग्रजी नटांना मेट्रिक पाना लावला की कोपरे गेलेच. पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) यू-बोल्ट कापून टाका, नवे बनवा. पाटा आणि एक्सलमध्ये निमुळती पाचर असेल तर जाड बाजू पुढे की मागे, ते आधी खडूने लिहा. ब्रेकड्रममधली धूळ फुंकू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा.

सुटलेला स्टब लगेच रंगवू नका. रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून कोरडा पुसा, खडूची पूड चोळा आणि लाकडी हातोडीने हलकं ठोका. तडा असेल तर आतलं रॉकेल खडूवर ओली काळी रेघ काढतं. अशा स्टबला वेल्डिंग नाही, तो भंगारात.