विज्ञानपटांच्या मालिकेतील मोठा बदल कायम राहावा का, हे कसे पारखावे

२०२१ साली नाशिकला झालेल्या ९४व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. जयंत नारळीकर होते. त्या निमित्ताने आमच्या मित्रमंडळात विज्ञानकथेविषयी सुरू झालेल्या गप्पा पुढे विज्ञानपटांकडे वळल्या आणि एकाच प्रश्नाशी वारंवार अडू लागल्या: वर्षानुवर्षे चालणाऱ्या मालिकेत नायकाचा मृत्यू किंवा एखाद्या ग्रहाचा विनाश दाखवला, तर तो पुढे पुसून टाकावा का? माझ्या मते पुसू नये. मात्र प्रत्येक बदल तेवढ्या मोलाचा नसतो, म्हणून आधी त्याची पारख करावी.

चित्रपट प्रदर्शित झाले त्याच क्रमाने पाहावेत. बदल घडला की या पात्रांना यापुढे कोणती गोष्ट कधीच करता येणार नाही, हे वहीत एका वाक्यात लिहावे. असे वाक्य लिहिता आले नाही, तर ती केवळ रंगसफेदी आहे असे समजून पुढे जावे.

वाक्य लिहिता आले, तर पुढच्या चित्रपटाला त्याची आठवण आहे का ते पाहावे. २००९ च्या ‘स्टार ट्रेक’मध्ये व्हल्कन ग्रह नष्ट होतो आणि अंतराळजहाजावरील व्हल्कन वंशाचा अधिकारी स्पॉक याची आई मरण पावते. कथेतच कालप्रवास असल्यामुळे हे सारे उलटवणे लेखकांना सहज शक्य होते, तरीही त्यांनी ते तसेच ठेवले. २०१६ च्या चित्रपटात उरलेल्या व्हल्कनवासीयांसाठी काम करावे म्हणून स्पॉक जहाज सोडण्याच्या विचारात असतो, म्हणजेच सात वर्षांपूर्वीचे नुकसान त्याच्या निर्णयात अजून जिवंत आहे. शिवाय हे सारे नव्या कालप्रवाहात घडवून जुन्या कथांचा कालप्रवाह वेगळा राखल्यामुळे १९६६ पासून मालिका पाहणाऱ्यांचा ठेवाही हिरावला गेला नाही. धाडस करावे तर असे.

बदल मागे घेतला असेल, तर त्याची किंमत कोणी मोजली हे शोधावे, कारण खरी परीक्षा इथेच होते. ‘स्टार ट्रेक’च्या जुन्या कालप्रवाहातला स्पॉक १९८२ च्या चित्रपटात मरतो आणि १९८४ च्या चित्रपटात परत येतो, पण त्यासाठी जहाजाचा कप्तान कर्क आपला मुलगा आणि आपले जहाज गमावतो. १९८६ मध्ये त्याच नावाचे दुसरे जहाज मिळते. मुलगा मात्र परत येत नाही. म्हणून मला ते पुनरागमन मान्य आहे. याउलट नव्या कालप्रवाहातल्या २०१३ च्या चित्रपटात किरणोत्साराने मेलेला कर्क त्याच चित्रपटात खलनायक खानच्या रक्तामुळे जिवंत होतो. असे रक्त हाताशी असताना पुढे कोणाच्या मृत्यूचे भय का वाटावे?

उलट बाजूही तपासावी. १९८६ च्या ‘एलियन्स’मध्ये ज्यांना वाचवण्यासाठी नायिका रिप्लेने जिवाचे रान केले, त्या न्यूट ही लहान मुलगी आणि हिक्स हा सैनिक यांना १९९२ च्या ‘एलियन ३’ने सुरुवातीलाच मारून टाकले. हा बदल कायम राहिला, तरी पटावरच्या सोंगट्या उचलून ठेवाव्यात तसा तो मला वाटतो. आमच्यातील एका मैत्रिणीला मात्र रिप्लेचे एकाकीपण त्यामुळेच खरे वाटते, आणि तिचे मत मी वहीत माझ्या मताशेजारीच नोंदवले आहे.

निकाल पेन्सिलने लिहावा आणि मालिकेतला निदान पुढचा एक चित्रपट पाहिल्यावरच तो शाईने गिरवावा.