मोटार अपघात: कारण, धडक, इजा आणि कायदेशीर जबाबदारी यांची सांगड कशी घालावी

अपघात झाला की घटनास्थळी जमलेला प्रत्येक जण काही मिनिटांतच चूक कोणाची ते ठरवून मोकळा होतो. पोलीस, विमा कंपनीचा सर्वेक्षक आणि न्यायालय मात्र त्या निष्कर्षाकडे वेगळ्या वाटेने येतात. अपघात कशामुळे घडला, वाहने कोणत्या बाजूने एकमेकांवर आदळली आणि शरीराला नेमकी कोठे इजा झाली, या तीन गोष्टी एकमेकींशी जुळतात का, हे ते पाहतात. त्या जुळल्या तर दावा टिकतो; विसंगती आढळली तर खऱ्या दाव्यावरही संशय घेतला जातो. म्हणून अपघातात सापडलेल्या व्यक्तीने, किंवा तिच्यासाठी धावपळ करणाऱ्या नातेवाइकांनीही, घटनेकडे याच क्रमाने पाहावे.

कारण शोधताना

एकाच कारणाने घडलेला अपघात विरळाच. थकलेला चालक, झिजलेले टायर आणि ओले वळण या तिन्ही गोष्टी एकाच क्षणी एकत्र येतात तेव्हा गाडी रस्ता सोडते. यांपैकी एखादीच असती तर कदाचित काहीच घडले नसते. कायद्याच्या दृष्टीने प्रश्न असा असतो, की या साखळीतील कोणती कडी कोणाला तोडता आली असती आणि ती तोडणे त्याचे कर्तव्य होते का.

वेगाचे गणित येथे समजून घेण्यासारखे आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला असे धरले, तर तेवढ्यात ती २५ मीटर पुढे गेलेली असते, आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर थांबण्यासाठी तिला आणखी साधारण २० मीटर लागतात. वेग ९० केला की हेच एकूण अंतर ४५ मीटरांवरून ८० मीटरांच्या पुढे जाते, कारण ब्रेक लागल्यानंतरचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट, पण ते अंतर सव्वादोनपट. याच वेगात तीन सेकंद मोबाइलकडे पाहणारा चालक ७५ मीटर रस्ता न पाहता पार करतो. ‘तो अचानक समोर आला’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जबानीत असते. हे गणित मांडले, की समोरचा अचानक आला होता की चालकाला तो उशिरा दिसला होता, हे बरेचसे उलगडते.

मद्यपानाची मर्यादा देशागणिक बदलते: १०० मिलिलिटर रक्तात इंग्लंडमध्ये ८० मिलिग्रॅम, युरोपातील बहुतेक देशांत ५०, तर भारतात ३०. झोप मोजण्याचे असे कोणतेही यंत्र नाही. तिचा माग परिस्थितीतून काढावा लागतो: सरळ रस्त्यावरून गाडी हळूहळू कडेला गेलेली असते आणि ब्रेक लावल्याची किंवा गाडी वळवण्याच्या प्रयत्नाची खूण कोठेच नसते. टायरच्या खाचा अनेक देशांत किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्या लागतात. त्या याहून उथळ असतील आणि गाडी पाण्यावर घसरली असेल, तर ‘पाऊस होता’ हा बचाव चालकाच्याच अंगलट येतो.

धडकेचा प्रकार काय सांगतो

पाठीमागून बसलेल्या धडकेत मागच्या चालकाने पुरेसे अंतर ठेवले नव्हते असे बहुतेक ठिकाणी प्रथमदर्शनी गृहीत धरले जाते. हे गृहीत खोडून काढता येते. पुढच्या गाडीचे ब्रेकचे दिवे बंद होते, ती विनाकारण मध्येच थांबली किंवा एकदम मार्गिका बदलून पुढ्यात घुसली, हे दाखवता आले तर जबाबदारी विभागली जाते. जुन्या तंतूच्या बल्बांबाबत एक बारीक पुरावा फार उपयोगी पडतो. दिवा पेटलेला असताना जोराचा धक्का बसला, तर आतली तापलेली तार मऊ असल्यामुळे ताणून वेडीवाकडी होते. दिवा बंद असेल तर थंड तार सहसा तशीच राहते किंवा तटकन तुटते. म्हणून फुटका दिवा कचऱ्यात टाकू नये. एलईडी दिव्यांत अशी तारच नसते, त्यामुळे तेथे ही खूण मिळत नाही.

चौकातील आडव्या धडकेत वाद बहुधा सिग्नल आणि अग्रक्रम यांचा असतो, आणि दोन्ही चालक आपल्याला हिरवा दिवा होता असे सांगतात. अशा वेळी त्रयस्थ साक्षीदार आणि कॅमेऱ्याचे चित्रण यांना पर्याय नसतो. समोरासमोरच्या धडकेत कोणती गाडी मध्यरेषा ओलांडून आली हे रस्त्यावरचे ओरखडे आणि काच-मातीचा सडा सांगतो, कारण धक्क्यासरशी गाडीच्या तळाची माती साधारण धडकेच्या जागेजवळच झडते. गाड्या नंतर फिरून कोठेही थांबू शकतात. गाडी उलटण्याच्या घटनेत तीव्र वळण, वेग आणि उंच बांधणी यांचा वाटा असतो. एकट्याच गाडीचा अपघात म्हणजे चालकाचीच चूक, असे मात्र घाईने मानू नये. खड्डा, फलक नसलेले खोदकाम किंवा वाहनातील सदोष भाग हेही कारण असू शकते. साखळी अपघातात प्रत्येक धडक स्वतंत्रपणे पाहावी लागते: मधली गाडी आधी पुढच्या गाडीवर आदळली, की मागून ढकलली गेल्यामुळे आदळली, यावर तिच्या चालकाची जबाबदारी ठरते.

शरीरावरच्या खुणा

मागून धक्का बसला की धड आसनाबरोबर पुढे जाते आणि डोके क्षणभर मागे राहते. त्यामुळे मानेचे स्नायू व अस्थिबंध ताणले जातात. ही दुखापत फसवी असते. घटनास्थळी ‘मला काही झालेले नाही’ असे सांगणारी व्यक्ती दुसऱ्या दिवशी मान वळवू शकत नाही. क्ष-किरण चित्रात हाड शाबूत दिसते, आणि विमा कंपनी नेमका त्याचाच आधार घेते. डोक्याच्या माराबाबत तर अधिक सावध राहावे लागते, कारण कवटीच्या आत रक्तस्राव होत असतानाही जखमी काही काळ शुद्धीत राहून व्यवस्थित बोलू शकतो आणि नंतर त्याची प्रकृती एकाएकी ढासळते. वाढती डोकेदुखी, वारंवार उलटी, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे दिसताच रुग्णालय गाठावे.

समोरून धडक बसली की गुडघे डॅशबोर्डवर आदळतात आणि तो जोर मांडीच्या हाडातून खुब्यापर्यंत पोचतो; त्यामुळे गुडघ्याच्या जखमेसोबत खुब्याचा सांधाही निखळलेला असू शकतो. बाजूच्या धडकेत दाराखेरीज मध्ये फारसे काही नसल्याने बरगड्या, ओटीपोटाची हाडे आणि प्लीहा यांना इजा होते. उभ्या पादचाऱ्याला बंपर गुडघ्याच्या आसपास लागतो, मग तो बॉनेटवर आणि काचेवर आपटतो, आणि शेवटी जमिनीवर पडतो. पायाचे हाड कोठे मोडले यावरून तो कोणत्या बाजूने रस्ता ओलांडत होता याचाही अंदाज येतो.

१९५९ साली व्होल्वो कंपनीत नील्स बोलिन यांनी विकसित केलेला तीन बिंदूंचा आसनपट्टा जीव वाचवतो, पण कातडीवर आपली निळसर रेघ उमटवतो. ही रेघ छातीवर आणि ओटीपोटाच्या हाडावर असेल तर पट्टा योग्य बसला होता असे दिसते. ती मऊ पोटावर असेल तर आतड्याला इजा झाल्याची शंका घेऊन डॉक्टरांना लगेच दाखवावे. पट्टा लावला होता याचा पुरावा म्हणून या रेघेचे छायाचित्रही घेऊन ठेवावे.

जबाबदारी कशी ठरते

फौजदारी आणि दिवाणी बाजू वेगळ्या असतात. फौजदारी खटला शिक्षेसाठी असतो आणि तेथे गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. भरपाईच्या दाव्यात शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पुरते. त्यामुळे चालक फौजदारी खटल्यातून सुटला तरी भरपाईचा दावा संपत नाही.

निष्काळजीपणावर आधारलेल्या दाव्यात चार गोष्टी दाखवाव्या लागतात: काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते मोडले गेले, त्यामुळेच अपघात झाला आणि त्यातून प्रत्यक्ष हानी झाली. सर्वाधिक वाद तिसऱ्या गोष्टीवर होतो. चालकाकडे परवाना नव्हता हा गुन्हा खरा, पण तेवढ्यावरून अपघात त्याच्या चुकीने झाला असे सिद्ध होत नाही. जखमी व्यक्ती आधीच आजारी किंवा नाजूक प्रकृतीची असेल, तर ‘दुसऱ्याला एवढे लागले नसते’ असे म्हणून चूक करणाऱ्या पक्षाला सुटता येत नाही, हे तत्त्वही अनेक देशांत मान्य आहे.

जखमीची स्वतःचीही चूक असेल तर काय? इंग्लंडमध्ये १८०९ सालच्या बटरफिल्ड विरुद्ध फॉरेस्टर या खटल्यात रस्त्यात आडव्या ठेवलेल्या खांबाला अडखळून पडलेल्या घोडेस्वाराला, तो भरधाव जात होता म्हणून, भरपाई नाकारली गेली. हा कठोर नियम तेथे १९४५ च्या कायद्याने गेला आणि चुकीच्या प्रमाणात भरपाई कमी करण्याची पद्धत आली. अमेरिकेतील मेरीलँड, व्हर्जिनिया यांसारख्या मोजक्या राज्यांत मात्र जुना नियम अजून बऱ्याच अंशी लागू आहे. आसनपट्टा न लावल्याबद्दल किती कपात करावी याचे इंग्लंडमधील ठोकताळे १९७५ च्या फ्रूम विरुद्ध बुचर निकालातून आले: पट्ट्याने इजा पूर्ण टळली असती तर २५ टक्के, बरीच कमी झाली असती तर १५ टक्के. पट्टा लावूनही काही फरक पडला नसता, तर कपात नाही.

काही व्यवस्थांत चुकीचा प्रश्नच मागे पडतो. जर्मनीत वाहन बाळगणाऱ्यावर चूक नसतानाही जबाबदारी येते. फ्रान्समध्ये १९८५ च्या कायद्याने पादचारी व सायकलस्वारांना शारीरिक इजेसाठी भक्कम संरक्षण मिळाले. न्यूझीलंडमध्ये १९७४ पासून सार्वजनिक निधीतून मदत मिळते, आणि इजेच्या भरपाईसाठी खटला भरण्याचा मार्ग जवळपास बंद आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली चूक सिद्ध करून न्यायाधिकरणाकडे दावा करता येतो आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापतीसाठी चूक सिद्ध न करताही ठरावीक रक्कम मागता येते. अपघात आपल्या देशाबाहेर झाला असेल तर बहुधा तेथीलच कायदा लागू होतो, हे प्रवाशांच्या सहसा ध्यानात येत नाही.

प्रतिवादी ठरवताना केवळ चालकावर थांबू नये. चालक कामावर असताना अपघात झाला तर मालकावर, ब्रेक सदोष असतील तर उत्पादकावर किंवा दुरुस्ती करणाऱ्यावर, आणि रस्त्याच्या दोषासाठी तो राखणाऱ्या संस्थेवर जबाबदारी येऊ शकते.

काय करावे, कोणत्या क्रमाने

इंजिन बंद करून धोक्याचे दिवे लावावेत आणि मागून येणाऱ्या वाहनांना सावध करावे. जखमीला आग किंवा दुसऱ्या धडकेचा धोका नसेल तर हलवू नये. त्याच्या मणक्याला इजा झालेली असू शकते. त्याला पाणीही पाजू नये. मदत बोलावल्यानंतर, वाहने हलण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत: आधी दुरून चारही दिशांनी, मग नुकसान, टायरच्या खुणा, काचांचा सडा, सिग्नल आणि फलक यांची जवळून. अँटिलॉक ब्रेकच्या, म्हणजे चाके जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या, गाड्यांच्या खुणा फिकट असतात आणि पावसात लवकर पुसल्या जातात. साक्षीदारांची नावे व संपर्क लगेच घ्यावा. संध्याकाळपर्यंत ते सापडत नाहीत. विचारपूस करणे माणुसकीचे आहे, परंतु ‘चूक माझीच’ असे तेथेच बोलू किंवा लिहून देऊ नये, कारण आपल्याला तेव्हा सगळे ठाऊक नसते.

त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी आणि दुखणारी प्रत्येक जागा, किरकोळ वाटली तरी, नोंदवायला सांगावी. पहिल्या कागदावर नसलेली मानदुखी तीन आठवड्यांनी दाव्यात आली, की तिच्यावर प्रश्नचिन्ह लागणारच.

गाडी लगेच दुरुस्तीला किंवा भंगारात देऊ नये. बऱ्याच नव्या मोटारींत धडकेपूर्वीच्या सुमारे पाच सेकंदांतील वेग आणि ब्रेकची स्थिती टिपणारे यंत्र असते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून ते प्रत्येक नव्या मोटारीत बंधनकारक आहे. ती माहिती, तसेच आसपासच्या कॅमेऱ्यांचे चित्रण, जपून ठेवण्याची लेखी मागणी वकिलामार्फत पहिल्या काही दिवसांतच करावी, कारण असे चित्रण थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जाते. विमा कंपनीला पॉलिसीतील मुदतीत कळवावे. तिने लवकर देऊ केलेल्या तडजोडीच्या पत्रावर ‘पूर्ण व अंतिम’ असे शब्द असतील, तर उपचार संपून कायमच्या अपंगत्वाचा अंदाज डॉक्टरांनी देईपर्यंत सही करू नये. मात्र दावा दाखल करण्याची कायदेशीर मुदत या काळातही चालूच राहते, म्हणून तिची तारीख वकिलाकडून पहिल्याच भेटीत लिहून घ्यावी.